परदेशात लावलेलं लग्न धरतात का?

“गुरुजी, पोरांनी बालीला लग्न करायचं ठरवलंय. तुम्ही याल ना? आणि ते लग्न कायद्यानं धरतात ना?”

नाशिकच्या पंचवटीत राहून लग्नं लावणाऱ्या माझ्यासारख्या पुरोहिताला हा प्रश्न आता वरचेवर येतो. कधी फोनवर, कधी बारशाच्या पंगतीत. येईन की नाही ते तब्येत आणि तारीख बघून सांगतो. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे बैजवार लिहितो.

मी वकील नाही. पण आपल्याकडे विवाह नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे नमुना ड वर, वधूवर आणि तीन साक्षीदारांबरोबर पुरोहिताचीही सही लागते. आपण कशाखाली सही करतोय हे कळावं म्हणून मी कायदा वाचला, जाणकारांना विचारलं, आणि आता यजमानांना मुहूर्ताच्या आधी कागदांचं विचारतो.

तर उत्तर: धरतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. भारतात कायमचा अधिवास असलेले हिंदू देशाबाहेर असले तरी तो त्यांना लागू होतो, असं पहिल्याच कलमात आहे. कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर, कुणातरी एकाच्या परंपरेनुसार विधी व्हायला हवेत. त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. ते पाऊल गंगापूर रोडच्या लॉन्सवर पडतंय की समुद्राकाठी, याची अट नाही. याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केली. विधी झालेच नाहीत, नुसतं प्रमाणपत्र काढलं, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न होत नाही. सप्तपदी उरकून टाका म्हणणाऱ्यांना मी हा निकाल आवर्जून सांगतो.

लग्न धरलं जाईलच, पण ते दाखवायचं कशानं? घोळ होतो तो इथे.

नमुना ड मध्ये विवाहाची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. ठिकाणापुढे बालीतल्या हॉटेलचं नाव दिसलं की नोंदणीच्या खिडकीवर प्रश्न सुरू होतात. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, “आपल्याच एखाद्या देवळात लावलं म्हणून लिहा, गुरुजी सही करतील.” गुरुजी करत नाहीत. मी तरी नाही.

यामागे माझा हट्ट नाही. कुठल्याही कार्याच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात देश आणि काळ उच्चारतो: भरतवर्ष, दण्डकारण्य, गोदावरीचं कुठलं तीर, संवत्सर, अयन, मास, तिथी, वार. मी कुठे बसलोय आणि कधी बसलोय हे आधी खरं सांगायचं, मग हातावरचं पाणी सोडायचं. परदेशात लग्न लावताना तिथल्या भूमीचा उच्चार करायचा हे मला जितकं उघड वाटतं, तितकंच अर्जात तिथलं नाव लिहिणंही. देवापुढे एक ठिकाण आणि सरकारपुढे दुसरं, हे मला जमणार नाही.

आणि हे खोटं टिकतही नाही. आता लग्न झालेल्या जोडप्यातलं एक जण बहुधा परदेशात नोकरीला असतं. दुसऱ्याच्या व्हिसासाठी विवाहाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रावर अमुक तारखेला नाशिक, आणि त्याच तारखेला दोघांच्या पासपोर्टवर दुसऱ्या देशात शिरल्याचा शिक्का. फोटोत मागे नारळाची झाडं आणि समुद्र. व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसानं काय समजायचं? लग्न खरं असूनही ते खोटं ठरायची वेळ यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका कुटुंबाची सून याच कारणानं बरेच महिने माहेरी अडकून पडली होती. घरातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

म्हणून बुकिंगच्या आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. कायद्याच्या दृष्टीनं तुमचं लग्न कोणतं, कुठलं आणि कधीचं? बाकीचं त्यावरून आपोआप ठरत जातं.

मला सर्वांत पटणारी वाट विशेष विवाह कायद्याची, १९५४ च्या. लोक याला सरसकट ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण यात न्यायालयाचा काही संबंध नसतो. काम विवाह अधिकाऱ्याकडे असतं. दोघांपैकी एक जण नोटिशीच्या आधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. मुलगा अमेरिकेत आणि मुलगी इंदिरानगरला, तर मुलीच्या वास्तव्यावर काम होतं. नोटीस दिली की हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं. त्यानंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, दोघांनी तीन साक्षीदार घेऊन अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं. प्रमाणपत्र मिळतं आणि त्या दिवसापासून कायद्यानं दोघं पतिपत्नी.

इथे उलटं मोजत या. डिसेंबरच्या दहा तारखेला बालीत लग्न असेल आणि नोटीस २५ सप्टेंबरला दिली, तर २५ ऑक्टोबरनंतर आणि तिकडे निघण्याच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरभरात कधीही, सही होऊ शकते. फार आधी, जुलैत नोटीस देऊन ठेवली तर ती ऑक्टोबरातच शिळी होईल. आणि हो, सप्टेंबरच्या शेवटी पितृपक्ष येतो म्हणून नोटीस थांबवू नका. नोटीस हा विधी नाही. पितृपक्षात सरकारी अर्ज देऊ नये असं कुठेही सांगितलेलं नाही, हे मी पुरोहित म्हणून सांगतो.

काही वडीलधाऱ्यांना भीती वाटते की या कायद्यानं लग्न केलं म्हणजे वारसाहक्क बदलतो. वधू आणि वर दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर तसं होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीनं कलम २१-अ घालून ती शंका मिटवली आहे. धर्म वेगवेगळे असतील, तर मात्र वकिलाशी बोला.

ही वाट मला आवडते कारण धार्मिक लग्न मग एकदाच, परदेशात, पूर्ण विधीनं लागतं. सही नाशिकला, सप्तपदी तिकडे, आणि दोन्ही कागदोपत्री खरं. फक्त लग्नाची तारीख म्हणून सगळ्या अर्जांत सहीचीच तारीख लिहायची, विम्यात, व्हिसात, बँकेत, सगळीकडे. वाढदिवस कुठलाही साजरा करा.

दुसरी वाट: नाशिकलाच घरच्या माणसांत देवक बसवून, होम पेटवून, सप्तपदीसह लग्न लावायचं, नमुना ड भरायचा, आणि तिकडे समारंभ करायचा. हीसुद्धा चोख वाट आहे. पण मग तिकडे पुन्हा कन्यादान करा असं मला सांगू नका. दान एकदाच होतं. हार घाला, आप्तांचे आशीर्वाद घ्या, जेवणावळी करा. आनंदाला कमी पडणार नाही.

तिसरी वाट म्हणजे तिथल्याच कायद्यानं लग्न करणं. इथे प्रत्येक देशाचं वेगळं. इंडोनेशियात दोघांच्या धर्मानुसार लग्न लागावं लागतं, दोघांचा धर्म एकच असावा लागतो, आणि त्यानंतर सरकारी नोंद होते. हॉटेलवाले ‘वेडिंग पॅकेज’ म्हणून विकतात त्यात ही नोंद बहुधा नसते, लेखी विचारा. थायलंडमध्ये किनाऱ्यावरच्या समारंभाला कायद्याची किंमत नाही. जिल्हा कार्यालयात, ज्याला तिथे अम्फो म्हणतात, नोंद करावी लागते. त्याआधी आपल्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा कागद, त्याचं थाई भाषांतर आणि त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन. चार दिवसांच्या मुक्कामात वऱ्हाड सांभाळून हे करायला माणूस मोकळा राहत नाही.

मॉरिशसला त्या मानानं सोपं आहे. तिथे परदेशी जोडप्यांचा नागरी विवाह होतो. मॉरिशस आणि भारत दोघंही अपोस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद एकाच ठरलेल्या साक्षांकनावर मानण्याच्या करारात आहेत, त्यामुळे प्रमाणपत्रावर तिथला अपोस्टिल झाला की आपल्याकडे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. भारत त्या करारात २००५ पासून आहे. शिवाय मॉरिशसमध्ये दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पूजेचं साहित्य मिळतं. मला मत विचाराल तर मी मॉरिशस सुचवतो.

भारतीय दूतावासातही लग्न होतं, १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली. पण तिथेही नोटीस आणि हरकतींचे तीस दिवस आहेतच. तिकडे राहणाऱ्यांसाठी ती सोय चांगली. इथून आठवड्यासाठी जाणाऱ्यांसाठी नाही.

लग्न तिकडे विधीनं लावून आलात आणि कागद काहीच केला नाही, तरी हातपाय गाळू नका. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेलं लग्नही नोंदवता येतं. इथेही जिल्ह्यातलं तीस दिवसांचं वास्तव्य आणि तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. पण ठिकाण खरं लिहिता येतं.

आता माझ्या खास कामाचं. कापूर विमानात चालत नाही, ज्वालाग्राही म्हणून. सुकं खोबरंही सामानात नेता येत नाही, तेही पेट घेतं म्हणून. ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्या की घरातल्या बायकांचा जीव हळहळतो. तिकडे नारळ भरपूर आहेत, ओल्या नारळानं ओटी भरा. समिधा, दर्भ, फुलं, तांदूळ यांवर त्या त्या देशाचे शेतीविषयक नियम असतात. नेलंत तर उतरल्यावर जाहीर करा. दुबई-अबुधाबीला निघालेल्यांनी रुखवताचा डबा स्वतः तपासावा. तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि अनारशाला खसखस असते. प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. अनारसे घरीच ठेवा.

होमाची परवानगी हॉटेलकडून लेखी घ्या: किती मोठं कुंड, कुठे, किती वेळ. “हो हो, चालेल” एवढ्यावर विसंबून गेलात आणि ऐनवेळी आगीचा भोंगा नको म्हणून नुसती समई लावा म्हणाले, तर लाजाहोम कशात करायचा?

मुहूर्त इथल्या पंचांगातला तसाच उचलू नका. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, मॉरिशसचं मागे दीड तास, आणि दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला सूर्योदय आणि लग्नं, म्हणजे पूर्वेला उगवणाऱ्या राशींच्या वेळा, वेगळी काढावी लागतात. गोरज म्हणजे तिथल्या सूर्यास्ताची गोरज.

सध्या नाशिककरांच्या या चौकशीला आणखी एक कारण आहे. २०२६ च्या अखेरीस सिंहस्थ लागतोय, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. गुरू ग्रह सिंह राशीत असताना गोदावरी आणि भागीरथी यांच्या मधल्या प्रदेशात विवाह करू नये असा जुना संकेत आहे. गोदेच्या कुठल्या तीरापर्यंत, किती काळ आणि अपवाद कोणते, यावर पंचांगकर्त्यांत मतभेद आहेत. पाळणाऱ्या घरांना लग्न बाहेर नेण्याची वाट त्यामुळे जवळची वाटते. ते मी समजू शकतो. पण संकेत विधीपुरता आहे. विवाह अधिकाऱ्यापुढची सही सिंहस्थात नाशिकला बिनदिक्कत करा.

सोन्याचं थोडक्यात. दागिने नेताना त्यांचं मूल्यांकन करून घ्या आणि निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर आजीच्या पाटल्या परत येताना परदेशातून आणलेलं सोनं ठरतील. परदेशी पाठवायच्या पैशांचं आणि त्यावर आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराचं, म्हणजे टीसीएसचं, तुमच्या सीएला विचारा. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती मिळते.

आणि तिकिटं काढताना नवरीचं नाव पासपोर्टवर आहे तेच, माहेरचं. मधुचंद्राचं तिकीटही. पत्रिकेत हवं ते छापा.

माझ्याकडे याल तेव्हा दोघांचे पासपोर्ट, जन्माचे दाखले आणि आधार घेऊन या. आधीचा विवाह झालेला असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखलाही. नावांचं स्पेलिंग सगळीकडे एकसारखं आहे का, ते आपण आधी बघू. जन्मपत्रिका त्यानंतर काढतो.