करोडगिरीची तिकिटं

आमच्या आत्याच्या लेखी जुन्या कागदावर चिकटवलेलं कुठलंही तिकीट 'करोडगिरीचं'. यात तिची चूक नाही. आजोबा सोलापूरच्या कापडबाजारातून, चाटी गल्लीतून लुगडी घेऊन नळदुर्ग-उमरग्याकडे पाठवायचे. सोलापूर इंग्रजांचं, आणि पंचेचाळीसेक किलोमीटरवरचं नळदुर्ग निजामाचं. मधे नाका. निजामाच्या राज्यात जकात खात्याला करोडगिरी म्हणत आणि मालाच्या किमतीवर शेकडा ५ घेत. हा दर १८०२ च्या तहापासूनचा.

गेल्या उन्हाळ्यात घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली आली. आत लाल रुमालात बांधलेलं दप्तर निघालं. आत्या म्हणाली, "बाबांची करोडगिरीची तिकिटं आहेत ती. आता लाखाची असतील." लाख म्हटल्यावर कोण हात आखडता घेतो? मोजली, सदतीस भरली.

पहिली चूक त्याच रात्री केली. लहानपणी पाकिटावरची पोस्टाची तिकिटं पाण्यात टाकून सोडवायचो, तसंच केलं. उर्दू अक्षरांची सात तिकिटं होती. त्यातली चार कातरून ताटलीत टाकली. दहा मिनिटांत पाणी जांभळं आणि तिकिटं पांढुरकी. महसुली तिकिटं पुष्कळदा मुद्दाम विरघळणाऱ्या शाईत छापत, म्हणजे कोणी धुऊन पुन्हा वापरू नयेत. ऐंशी वर्षांनी त्या बंदोबस्तात मी सापडलो. ओली तिकिटं वाळवायला दप्तरातलाच एक कागद खाली घेतला. उर्दूत काहीतरी लिहिलेला, एक गोल शिक्का, तिकीट एकही नाही. म्हणजे बिनकामाचा, असं मला वाटलं.

मग उरलेली ओळखायला बसलो. एकोणीस तर एक आण्याची निघाली. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लावायचं, हा १८९९ च्या मुद्रांक कायद्याचा नियम होता. त्यावर आडवी मोडीत सही. मला वाटलं, सहीने तिकीट खराब झालं. पण कायद्यालाच ती सही हवी होती, तिकीट त्यानेच रद्द होतं. यातली काही तिकिटं तर पोस्टाचीच आहेत. सातव्या एडवर्ड राजाच्या काळापासून एकच तिकीट 'पोस्टेज' आणि 'रेव्हेन्यू' अशा दोन्ही कामांना चालू लागलं होतं.

अकरा तिकिटांना वाटोळं भोक होतं, नेमकं राजाच्या डोक्याच्या जागी. कसर लागली म्हणून मी कडुनिंबाचा पाला घालून बसलो होतो. पण कसर इतकी गोल खात नाही, आणि दरवेळी राजाचंच डोकं तर मुळीच नाही. ती कोर्ट फीची तिकिटं. आजोबांनी उधारीच्या वसुलीसाठी दावे लावलेले, त्यांच्या नकलांवर लावलेली. १८७० च्या कोर्ट फी कायद्यातच लिहिलंय की तिकिटाचं डोकं पंचने उडवायचं, रकमेला धक्का लावायचा नाही आणि उडवलेला तुकडा जाळून नाहीतर दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. इंग्रज सरकारने गावोगाव आपल्याच राजाची डोकी उडवून चुलीत घातली, याची मला फार गंमत वाटली. संग्राहक या भोकाला खोट मानत नाहीत. कोर्ट फीचं तिकीट म्हटलं की भोक आलंच.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, बघायला तिकीट काळ्या बशीत उलटं ठेवायचं असतं. मला चांदण्या दिसल्या न दिसल्यासारख्या. तो नाद सोडला.

उर्दूसाठी शेजारच्या पेठेतल्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. उर्दू शाळेत तीस वर्षं काढलेली. त्यांनी आधी आकडे शिकवले. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे उलटं पिंपळपान. साल निघालं १३५१. मला हिजरी वाटलं. मास्तर म्हणाले, "फसली सन आहे हे, निजामाच्या सरकारी कागदांतलं. पाचशे नव्वद मिळवा." म्हणजे १९४१-४२. उरलेली तिन्ही तिकिटंसुद्धा निजामाच्या कोर्टातल्या नकलांवरचीच. थोडक्यात, सदतिसांत करोडगिरीचं एकही नाही. जकात रोखीने घ्यायचे, हातात पावती द्यायचे. तिकीट चिकटवायचं कशाला?

तेवढ्यात मास्तरांनी खालचा तो डागाळलेला कागद ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिक्क्यावर बोट ठेवून वाचलं, "करोडगिरी." नाक्याची पावती. लुगडी नग चाळीस, किंमत २४० रुपये हाली, वसूल १२. मी मनात हिशेब केला, शेकडा ५ बरोबर बसत होते. हाली म्हणजे निजामाचं चलन, त्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा. तेव्हा आजोबांना जकात पडली आपल्याकडचे सव्वादहा. आणि या कागदाच्या मधोमध माझ्या कृपेने जांभळ्या तिकिटांचे चार चौकोनी डाग.

किमतीचं थोडक्यात सांगतो. इथल्या एका नाणी-तिकीटवाल्याने रुमाल न सोडताच सगळ्याचे पाचशे सांगितले. पुण्याच्या एका प्रदर्शनात दुसऱ्याने मात्र एकेक कागद उलटून पाहिला. एक आण्याची सुटी पाच-दहा रुपयांना. भोकाची कोर्ट फी सुटी असती तर वीस-तीस, पण अख्ख्या नकलेवर आहे म्हणून दीडशे-दोनशे. धुतलेली चार त्याने न बोलता बाजूला सारली. म्हणाला, "कातरी लावली ना दादा, तिथंच पैसे गेले. तिकीट कुठं, कशासाठी लागलं, हे कागदच सांगतो. सुटं झालं की ते मुकं." करोडगिरीच्या पावतीला दीड हजार म्हणाला. डाग नसता तर? यावर त्याने नुसतं हसून पाणी मागवलं.

परदेशातूनही एक विचारणा आली होती. पैसे बरे होते. पण ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांवरचा कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो, आणि पुरावस्तू तुम्हाआम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्या वाटेला गेलो नाही. एक आण्याची सुटी सहा तिकिटं विकली, पन्नास रुपये आले. गाडीत चहा-वडापावला गेले.

घरी आल्यावर आत्याला पावती वाचून दाखवली. लाखाचं काय झालं, ते तिने विचारलंही नाही.

"किती म्हणालास?"

"चाळीस."

"चाळीस लुगडी नळदुर्गाला गेली," ती म्हणाली, "आणि आमची आई फाटलेलं जोडून, दंड घातलेलं नेसायची."

पावती परत रुमालात ठेवायला दिली तर तिने घेतली नाही. म्हणाली, "तूच ठेव बाबांचे हिशेब."