दिवे लागायच्या आधी पोचू

बाबा ३१ वर्षं रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात वायरमन होते. शहरातले कितीतरी खांब ते शिडी लावून चढलेत. पण सगळं शहर एकदम उजळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दिवे लागायच्या वेळेला ते नेमके खाली असायचे, कुठल्यातरी पॅनेलसमोर. त्यांना सत्तरावं लागलं म्हणून मी विचारलं, कुठे जेवायला जायचं? तर म्हणाले, "त्या डोंगरावरच्या हॉटेलात जाऊ. पण दिवे लागायच्या आधी पोचू."

मी आठचं टेबल सांगितलं होतं. फोन करून ते बदलून घेतलं आणि ऊन असतानाच आम्ही वर पोचलो. डोंगरावर जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला आता मी हेच सांगते, तासभर आधी जा. आठ वाजता गेलात तर शहर आयतं उजळलेलं मिळतं, ते उजळत जातं कसं हे हातचं जातं.

आम्हाला आत, काचेलगत बसवलं. मोठी, स्वच्छ काच. पण जसजसं बाहेर अंधारू लागलं तसतशी तिच्यात आमचीच तोंडं दिसायला लागली, मागचं झुंबर, ट्रे घेऊन फिरणारी मुलं. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेचा आरसाच होतो. बाबांनी दोन्ही तळहातांचा आडोसा करून काचेला कपाळ टेकवलं, लहान मूल आगगाडीच्या खिडकीला टेकवतं तसं. मला ते बघवेना. वाढणाऱ्या मुलाला विनंती केली, आणि त्याने बिचाऱ्याने सगळी ताटं-वाट्या उचलून आम्हाला बाहेर कठड्याजवळ नेलं. टेबलावरचा छोटा दिवासुद्धा बाबांनी त्याला विचारून मालवला. "डोळे अंधाराला सरावायला हवेत," म्हणाले. पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्ये कुणी मोबाईलचा उजेड केला की पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर गार होतं. डोंगरावर चढलं की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. आम्ही काही तेवढ्या उंचीवर नव्हतो, गारवा वाऱ्याचा होता. आम्ही आलो तेव्हा वारा खालून येत होता, गाड्यांचे हॉर्न आणि धुराचा वास घेऊन. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ तो पडला, आणि मग पाठीमागून सुरू झाला. उतार रात्री लवकर थंड होतो आणि ती जड हवा घरंगळत खाली जाते. टेबलावरचा कागदी रुमाल आधी माझ्याकडे फडफडत होता, तो आता दरीकडे फडफडू लागला. बाबांच्या खांद्यावर मी शाल टाकली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

कारण दिवे लागायला लागले होते.

सगळे एकदम लागत नाहीत. आधी नदीपलीकडची एक रेघ लागली, मग मधला मोठा चौक, मग डावीकडचा अख्खा पट्टा एका झटक्यात. "वेगवेगळी पॅनेलं," बाबा म्हणाले, "कुठे टायमर, कुठे उजेड कमी झाला की दिवे लावणारा सेल. प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे." एका जुन्या वस्तीत अजून सोडियमचे दिवे आहेत. ते आधी मंद, फिकट लागले आणि चार-पाच मिनिटांत हळूहळू सोनेरी झाले. नवे एलईडी लागताक्षणीच पूर्ण उजेड देतात. वरून पाहिलं की दोन्हींतला फरक आणखी कळतो. नव्या दिव्यांचा उजेड खाली वळवलेला असतो, म्हणून दिवा दिसत नाही, उजळलेला रस्ता दिसतो. जुन्यांचा ठिपका थेट डोळ्यांत येतो. "आम्ही आभाळाला बराच उजेड दिला म्हणायचा," बाबा हळूच म्हणाले.

लांबचे दिवे लुकलुकत होते, जवळचे स्थिर. दिवसभर तापलेले रस्ते आणि छपरं रात्री उष्णता सोडतात, ती वर चढणारी हवा उजेडाला सतत थोडा-थोडा वाकवते. जितकं अंतर जास्त तितकी लुकलुक जास्त. हे बाबांना सांगताना मला बरं वाटलं. दिव्यांबद्दल मी त्यांना काही सांगावं असं पहिल्यांदाच घडत होतं.

जेवण चांगलं होतं. सूप मात्र वाऱ्यात दोन मिनिटांत निवलं.

मग बाबा एकदम पुढे झुकले. "तो रस्ता बघ. पाण्याच्या टाकीच्या उजवीकडचा. दोन दिवे, एक अंधार. दोन दिवे, एक अंधार." मी पाहिलं. खरंच, दर तिसरा दिवा बंद होता, ओळीने शेवटपर्यंत.

"फेज गेलीय," ते म्हणाले. "खांबांना ओळीने लाल, पिवळी, निळी अशा फेजा, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, वाटून दिलेल्या असतात. एक गेली तर पूर्ण रस्ता अंधारात जाऊ नये म्हणून. दिवा उडाला असता तर एकच बंद दिसला असता." थोडं थांबून म्हणाले, "खालून हे कळायला अख्खा रस्ता चालावा लागायचा गं."

आइस्क्रीम खायला ते थांबले नाहीत. घाट उतरल्यावर मला म्हणाले, गाडी टाकीवरून घे. त्या रस्त्याच्या तोंडाशी उतरले, चालत पॅनेलपर्यंत गेले, हात लावला नाही, नुसते कान देऊन उभे राहिले. मग बंद खांबांजवळ जाऊन, मोबाईलच्या उजेडात वाचून, हॉटेलच्या बिलामागे तीन खांबांचे नंबर लिहिले. वळणदार अक्षरात, प्रत्येकाखाली रेघ मारून.

सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला ते फोनजवळ बसलेले होते, बिल समोर सपाट करून ठेवलेलं.