आमची वाटचाल : चौथरा, पुतळा आणि मधली चार इंचं

पुतळा बिघडतो तो चेहऱ्यात कमी आणि घोट्यात जास्त. भिंतीवरचं दगडी शिल्प निखळतं तेव्हाही दगड बहुतेक वेळा चांगलाच असतो, मागची भिंत मात्र अर्ध्या विटेची असते. आर्किटेक्ट चौथऱ्याच्या वरच्या कडेला रेघ मारून थांबतो, शिल्पकार पायाच्या तळव्यापासून सुरुवात करतो, आणि मधली चार इंचं कुणाच्याच नकाशात नसतात. साताऱ्यातली आमची फर्म आर्किटेक्चर आणि शिल्पकाम दोन्ही करते, ती या चार इंचांसाठी.

सुरुवातीची कामं बंगल्यांची. जिन्याच्या भिंतीवर दगडी उठावकाम, दाराशी गणपती, दिवाणखान्यात एखादी मोठी पाटी. घरमालकाला हे हमखास रंगकाम झाल्यावर सुचतं, आणि तोवर हातातले बरेच उपाय निसटलेले असतात. हिशोब करून बघा. 4 बाय 6 फुटांची, 4 इंच जाडीची काळ्या पाषाणाची पाटी म्हणजे 8 घनफूट. घनफुटाला 82 किलोच्या आसपास धरलं तर साडेसहाशे किलो. एवढं वजन विटेच्या पातळ भिंतीला खुंट्यांवर टांगणं म्हणजे खाली बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. जड दगड टांगायचा नसतो, बसवायचा असतो. खालच्या बीममधून काँक्रीटचा ओठ किंवा स्टेनलेस स्टीलचा अँगल काढायचा आणि सगळं वजन त्यावर घ्यायचं. मागचे 12 मिमीचे स्टेनलेस डॉवेल (दगड आणि भिंत जोडणाऱ्या आखूड सळया) पाटी पुढे कलू नये एवढ्यापुरतेच. पाटी आणि भिंत यांच्यात 20 मिमीची फट ठेवतो, नाहीतर भिंतीची ओल दगडात उतरते आणि वर्षा-दोन वर्षांत कडेकडेने लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुटतो.

डॉवेल केमिकलनं, म्हणजे काँक्रीटमध्ये सळई चिकटवणाऱ्या रसायनानं, बसवताना भोक काँक्रीटमध्ये 100 मिमी खोल घेतो. आधी हवा मारायची, मग तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची, आणि मगच केमिकल भरायचं. भोकात धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीट कोरडंच राहतं. बाहेरून काही कळत नाही. सळई हातानं हलवून बघितली तर घट्टच वाटते, वजन आलं की सटकते.

म्हणून घराच्या पहिल्या बैठकीतच आम्ही शिल्पाचा विषय काढतो: कुठे, कशाचं, किती वजनाचं. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी उत्तर मिळालं तर ओठ, बीम आणि दिव्याचा पाइप तिन्ही फुकटात होतात. दिव्याचं विसरू नका. उठावकामावर समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं. दिवा भिंतीलगत वरच्या बाजूला, भिंतीपासून फूट-दोन फुटांवर हवा, म्हणजे उजेड तिरपा घासत येतो आणि पाव इंचाच्या उठावालाही सावली मिळते. स्लॅब पडल्यावर त्या जागी वायर न्यायची तर छत फोडावं लागतं.

दगडाची आपल्या जिल्ह्यात वाण नाही, पण प्रत्येक काळा दगड कोरायला चालत नाही. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, वायूच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरी स्फटिकं भरलेली असतात. नेमकी नाकाच्या शेंड्यावर पोकळी निघाली की पाथरवटाचं पंधरा दिवसांचं काम वाया. खाणीवरच ठोकून घ्यायचा. ठणठणीत नाद आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत चीर. मग वरून पाणी ओतून सुकू द्यायचा. सगळा पृष्ठभाग सुकल्यावरही जिथे ओली रेघ राहते, तिथे केसाएवढी भेग असते. महाबळेश्वर-पाचगणीकडचा जांभा वेगळाच. खाणीतून काढताना मऊ, उघड्यावर राहिला की टणक होत जाणारा, पण अंगानं सच्छिद्र. त्यात मोठे घडीव आकार निघतात, बोटं-नखं निघत नाहीत. जांभ्यात बारीक नक्षी मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो.

आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलांना आधी दोन ठिकाणं बघून यायला सांगतो. एक वाईचा ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी 1762 च्या सुमारास बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या घाटावर आहे. त्याच्या मागच्या भिंतीला माशासारखा निमुळता आकार दिलाय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. मूर्तीइतकीच ती भिंतही बघायची. दुसरं, लिंब गावची बारा मोटांची विहीर, 1719 ते 1724 या काळातली. तिथली शिल्पं नंतर चिकटवलेली नाहीत, बांधकामाच्या दगडातच ती बसलेली आहेत. वजन कुठून कुठे जातं, ते मुलांनी कागदावर काढून आणायचं.

सिमेंटमधलं भित्तीशिल्प आम्ही करतो, पण घाटमाथ्यावर टाळतो. तिथल्या पावसात सिमेंट महिनोन्‌महिने ओलं राहतं, शेवाळ धरतं, आतली जाळी गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात. सातारा, कऱ्हाड, सांगलीकडे चालतं. अट एवढीच की जाळीवर किमान 20 मिमी मसाला हवा आणि निदान 10 दिवस पाणी मारलेलं हवं.

पुढे संस्थांची कामं यायला लागली आणि पुतळे सुरू झाले. शाळा-कॉलेजची आवारं, साखर कारखाने, बँका, ग्रामपंचायती. रस्त्यात किंवा चौकाच्या मधोमध पुतळा हवा असेल तर पहिल्या भेटीतच 18 जानेवारी 2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश दाखवतो. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असं त्यात राज्यांना सांगितलंय. आवारातल्या पुतळ्यालाही शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जागेच्या मालकीचे कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा ना-हरकत दाखला, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता आणि देखभाल कोण करणार याची हमी लागते. फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरते. मातीच्या मॉडेलची मान्यता हातात येईपर्यंत साचा घेत नाही, मग समितीनं कितीही घाई करू दे.

घाई मात्र असतेच, कारण तारीख आधी ठरलेली असते. 19 फेब्रुवारीला अनावरण करायचं तर उलटं मोजत यावं लागतं. 9 फुटी उभ्या पुतळ्याला दोन फुटी नमुन्यापासून बसवण्यापर्यंत सात-आठ महिने धरा. म्हणजे जुलैत माती चढायला हवी. ते सोयीचंही पडतं, पावसाळ्यात माती ओलसर राहते, एप्रिल-मेसारखी रात्रीत तडकत नाही. ओतकाम मात्र दसऱ्यानंतर. पावसाळी हवेत साचा नीट सुकत नाही, आणि साच्यात ओल राहिली तर 1150 अंशांचा धातू पडताच वाफ होते. कमीत कमी नुकसान म्हणजे धातूत छिद्रं. जास्तीत जास्त म्हणजे साचा फुटून ओताऱ्याच्या अंगावर धातू.

धातू गनमेटल: तांबं 85, कथील 5, जस्त 5, शिसं 5. जाडी 6 मिमी धरतो. 4 च्या खाली गेली तर धातू वाटेतच गोठतो आणि कापडाच्या चुण्यांमध्ये भोकं राहतात. 10 च्या वर गेली तर जाड जागा उशिरा थंड होते आणि तिथे खड्डा पडतो. पुतळा पोकळ ओततात: आत गाभा, त्यावर मेणाचा थर, बाहेर साचा, आणि मेण वितळवून त्याच्या जागी धातू. मेण वितळल्यावर आतला गाभा हलू नये म्हणून आरपार खिळे मारलेले असतात. ओतारी खिळ्यांत काटकसर करतोय का, हे आम्ही स्वतः उभं राहून बघतो, कारण गाभा सरकला की एका बाजूला 12 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 2. ओतल्यावर हा गाभा पूर्ण काढायचा, विशेषतः पायांतला. सुरखी (विटांची भुकटी) आणि प्लास्टरचा तो गाळ घोट्यात राहिला तर पाणी धरून ठेवतो आणि चौथऱ्यावर हिरवट-पांढरे ओघळ उतरायला लागतात. शिसं असल्यामुळे गनमेटलचं वेल्डिंग त्रास देतं, बारीक छिद्रं राहतात. टीआयजी नावाच्या वेल्डिंगच्या पद्धतीनं, त्याच मिश्रणाच्या सळईनं, थोडं थोडं करत जायचं. दुसरी सळई वापरली तर जोड तेव्हा दिसत नाही. रंग चढवल्यावर मानेभोवती रेघ उमटते.

आता वजन आणि वारा. या 9 फुटी पुतळ्याचं पृष्ठफळ कपड्यांसह सुमारे 7 चौरस मीटर. 6 मिमी जाडीला चौरस मीटरमागे 53 किलो, म्हणजे 370 किलो, आतल्या सांगाड्यासह 400. समितीला वाटतं, एवढा जड पुतळा हलेल कशाला? आपल्या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरवर साधारण 93 किलो. समोरून दिसणारं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर आणि आकाराचा गुणक 1.2 घेतला तर 280 किलोचा रेटा, तोही दीड मीटर उंचीवर. उलथवणारा जोर, म्हणजे रेटा गुणिले उंची, झाला 420 (किलो गुणिले मीटर). पुतळ्याचं स्वतःचं वजन त्याला विरोध करतं ते फक्त 120 नं (400 किलो गुणिले अर्धी रुंदी), कारण पायांखालची बैठक जेमतेम 60 सेंटिमीटर रुंद. उरलेलं सगळं बोल्टांवर आणि घोट्यांवर. स्ट्रक्चरल इंजिनिअर जागेनुसार आणखी गुणक लावतो, पण दिशा हीच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हापासून समित्या या हिशोबाचा कागद स्वतःहून मागतात. त्याआधी तो खर्च नको असायचा.

बोल्ट तुटेल ही भीती फारशी नाही, 20 मिमीची सळई एवढा ताण सहज घेते. भीती गंजाची. सांगाडा साध्या लोखंडाचा केला तर पोकळीतल्या दमट हवेत, वर ब्राँझला लागून, तो झपाट्यानं गंजतो आणि फुगतो. म्हणून आत 304 ग्रेडचे स्टेनलेस पाइप, दोन्ही पायांतून चौथऱ्यात 450 मिमी खाली जाणाऱ्या स्टेनलेस सळया, आणि तळव्याला पाणी निघायला 12 मिमीचं भोक.

चौथऱ्याचं काँक्रीट टाकतानाच बोल्ट पुरून ठेवायचा आग्रह बहुतेक ठेकेदार धरतात. आम्ही पुरू देत नाही. गनमेटल थंड होताना दीड टक्का आकसतं. दोन पायांमधलं अंतर 600 मिमी असेल तर ते 9 मिमीनं कमी होतं, वर वेल्डिंगची ओढ वेगळी. मातीच्या मॉडेलवरून पुरलेले बोल्ट मग पुतळ्याच्या पायाला बसत नाहीत, आणि क्रेन भाड्यानं उभी असताना गॅस कटरनं भोकं मोठी करायची वेळ येते. त्यापेक्षा चौथऱ्यात 100 मिमी व्यासाचे खड्डे मोकळे सोडतो, जोडून झालेल्या धातूच्या पायावरून प्लायचा साचा काढतो, पुतळा उभा केल्यावर ओळंबा लावून न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरतो. ग्राउट घट्ट होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत, हार घालायला शिडी लावायची नाही. हे लेखी द्यावं लागतं.

चौथऱ्याची उंची हा कायम वादाचा विषय. समितीला उंच हवा असतो. 8 फुटी चौथऱ्यावर 9 फुटी पुतळा म्हणजे माथा 17 फुटांवर, माणसाच्या डोळ्यापासून 12 फूट वर. मान फार न ताणता बघायचं तर 24-25 फूट मागे सरकायला जागा हवी. आवार तेवढं नसेल तर लोकांना हनुवटी आणि नाकपुड्याच दिसणार. अशा ठिकाणी चौथरा 5 फुटांवर आणतो. उंच ठेवणं भागच असेल तर माती चढवतानाच मॉडेल तेवढ्या उंचीवर नेऊन बघतो आणि डोकं-खांदे किंचित वाढवतो. हे आर्किटेक्टनं नकाशात सांगितलं नाही, तर शिल्पकार जमिनीवर उभं राहूनच प्रमाण ठरवतो.

पायाबद्दल थोडक्यात. साताऱ्यात बहुतेक ठिकाणी मुरूम लवकर लागतो. कऱ्हाडच्या खाली, सांगलीकडे, काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर बसवलेला चौथरा कलतो. तिथे मुरमापर्यंत खोदल्याशिवाय पाया भरत नाही, आणि कृष्णाकाठी 2019 च्या पुराची रेघ विचारून घेतो.

फायबरचे पुतळे छताखाली ठीक. उघड्यावर उन्हानं वरचा थर भुरभुरतो आणि ब्राँझचा रंग उडतो. फायबरला ब्राँझ म्हणून बिल लावणारे बाजारात आहेत, तेव्हा घेणाऱ्यानं वजन करून घ्यावं.

पैशाचं शेवटी, पण महत्त्वाचं. आर्किटेक्टनं स्वतःच्याच इमारतीसाठी स्वतःचंच शिल्प विकायचं, यात हितसंबंध उघड आहे, आणि आर्किटेक्टच्या आचारसंहितेला लपवलेला फायदा चालत नाही. म्हणून दोन वेगळे करार, दोन वेगळी बिलं, आणि करारात एक ओळ: शिल्पाचं काम आमच्याचकडे द्यायची सक्ती नाही. दुसऱ्या शिल्पकाराकडे गेलं तरी ओठ, खड्डे आणि दिव्याचा नकाशा आम्ही देतोच. आर्किटेक्टच्या फीवर 18 टक्के जीएसटी आणि 10 टक्के टीडीएस. शिल्पाचा कर-हिशोब निराळा. दोन्ही एका बिलात घातलं की गिऱ्हाइकाचा सीए ते परत पाठवतो. शिल्पाचे हप्ते: ठरताना 30 टक्के, माती मंजूर झाल्यावर 30, ओतकाम झाल्यावर 30, बसवल्यावर 10. तांब्याचा भाव हलता असतो, म्हणून धातूचा दर ओतण्याच्या महिन्याचा.

काम सोपवताना एक फाइल देतो: पाया आणि चौथऱ्याचे नकाशे, सळयांचे फोटो, धातूचा तपासणी अहवाल, स्ट्रक्चरल सर्टिफिकेट आणि देखभालीचं एक पान. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, साध्या पाण्यानं धुऊन मेण लावायचं. चिंच, लिंबू, पितांबरी वर्ज्य. तळव्याचं भोक तारेनं मोकळं करायचं. जयंतीच्या आदल्या दिवशी कुणी हौसेनं सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन आलं, तर आधी आम्हाला फोन करायचा.