नववी ‘ब’मधले अकरा दिवस

या शाळेत मी दोनदा राहिलो. पहिल्यांदा तीन वर्षं, आठवी ते दहावी. दुसऱ्यांदा अकरा दिवस, ऑगस्ट २०१९ मध्ये, आई, बायको, दोन पोरं आणि एक शेळी घेऊन. शाळेच्या या स्मरणिकेला बहुधा पहिल्या मुक्कामाच्या आठवणी हव्या असणार. पण त्या तीन वर्षांत मी कबड्डीत गुडघा फोडून घेतला आणि सहामाहीला कन्नडमध्ये नापास झालो, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

त्या ऑगस्टात दूधगंगा आणि वेदगंगा दोन्ही एकदम फुगल्या. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि निपाणीकडची वाट बंद झाली. २००५ चा पूर पाहिलेली म्हातारी माणसं देवळाच्या पायरीवरची खूण दाखवून सांगत होती, ‘याच्या वर काय येत न्हाई.’ रात्री खूणही बुडाली आणि पायरीही. सकाळी शाळेचं गंजी केंद्र झालं, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची छावणी. आमच्या वाट्याला नववी ‘ब’ आली, आणखी चार कुटुंबांबरोबर. त्यांतलं एक मुल्लांचं. बाकं भिंतीला लावली आणि मधे सतरंज्या पसरल्या.

आमचं घर ख्रिस्ती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात आजोबा पुढे कंपाउंडर होते. तिथून ते इकडे आले. गावात आमची तीनच घरं, उपासनेला निपाणीला जायचं. शाळेत असताना याचं कुणाला काही वाटलं नाही. नाताळात गुरुजी मंडळी केकची वाट बघायची आणि आई करंज्यांचा डबा पाठवायची, तेवढीच काय ती निराशा.

आईने घरातून निघताना दोन वस्तू घेतल्या: रेशनकार्ड आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. दोन्ही युरियाच्या पिशवीत गुंडाळून. पण शाळेत आल्यावर तिने दोन दिवस तोंड उघडलं नाही. आभार मानल्याशिवाय घास न उचलणारी बाई, समोर आलेला भात मुकाट्याने गिळत होती. आमच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात होत्या. दीड एकरातल्या उसाच्या पोंग्यात पाणी गेलं होतं, सोयाबीन तर दिसतही नव्हतं. भेटायला आलेले एक पाहुणे म्हणाले, ‘देव परीक्षा बघतोय.’ मला अशा माणसांचा अजून राग येतो. परीक्षा घ्यायला शाळा होतीच की.

तिसऱ्या रात्री आई म्हणाली, ‘विलापगीत काढ. वाच.’ तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढून तिचे डोळे अधू झालेत. मी मोबाइलच्या उजेडात वाचायला लागलो. विलापगीत हे पवित्र शास्त्रातलंच एक पुस्तक. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं, त्यावरचा आक्रोश आहे तो. रस्ते ओस, वेशी मोडलेल्या, पोरं भुकेने आईला विचारतात भाकरी कुठाय. खोलीतली कुजबुज थांबली. शेजारची आजी उठून बसली आणि म्हणाली, ‘ह्ये आमच्याच गावाचं लिवलंय की रं.’

मी वाचत राहिलो. पाच अध्याय आहेत, तिसरा सगळ्यांत मोठा. त्याच्या ऐन पोटात लिहिणारा मध्येच थबकतो आणि म्हणतो की देवाची करुणा संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते. मला वाटलं आता गाडी रुळावर आली. पण नाही. चौथ्या-पाचव्या अध्यायात तो पुन्हा रडतो, आणि पुस्तक संपतं तेव्हाही त्याच्या गावाची वाताहत तशीच असते. आई ऐकता ऐकता रडली. पूर आल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी गंजी समोर आली तेव्हा तिने डोळे मिटले. ‘देवा, भात जरा कच्चा हाय, पण पोरांच्या पोटात गेला. शिजवणाऱ्यांच्या हाताला बळ दे.’ शिजवणारी दोन पोरं माझ्याच वर्गातली, आज या स्मरणिकेच्या समितीत आहेत. कच्च्या भाताचं त्यांना आज पहिल्यांदा कळतंय.

पुढे पाळकसाहेबांनी सांगितलं की त्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेत. बावीस अक्षरं म्हणून बावीस वचनं. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट. रडायचं तेही अक्षरं ओळीने लावून! पाचव्यात वचनं बावीसच, पण क्रम सुटलेला. हे ऐकलं आणि मला नववी ‘ब’ची भिंत आठवली. तिच्यावर ऑइलपेंटने कन्नड वर्णमाला रंगवलेली आहे. तिच्याखालीच बसून मी वाचत होतो.

त्या वर्णमालेवर छडी ठेवून आम्हाला शिकवणारे कन्नडचे सर तेव्हा निवृत्त झाले होते. पाचव्या दिवशी ते गुडघाभर चिखलातून शाळेत आले आणि व्हरांड्यात टेबल मांडून बसले. तातडीचे दहा हजार आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख, असं सरकारने जाहीर केलं होतं, पण अर्ज सगळे कन्नडमध्ये. कर्नाटकातल्या आमच्या मराठी सीमाभागात कन्नडवर राग धरायला कारणं पुष्कळ आहेत आणि मीही तो धरून होतो. सरांनी तीन दिवस प्रत्येकाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. आईला ‘अक्का, इथं अंगठा’ म्हणाले. आईने अंगठा नाही, सही केली. मोठ्ठी. माझा अर्ज मात्र त्यांनी माझ्यापुढेच सरकवला. ‘तू लिही. चुकलं तर बघतो.’ चुकलं. सहा ठिकाणी.

पाणी उतरल्यावर भिंती बसल्या. आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. शेडामागे पुराच्या गाळात कुणाच्या शेतातलं कोण जाणे, दुधीचं बी रुजलं आणि वेल पत्र्यावर चढला. डिसेंबरात चर्चमध्ये हंगामाचा सण होता. दरवर्षी आम्ही उसाची मोळी नेतो. त्या वर्षी आईने दुधी नेला. आमच्यात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. घेणारा पैसे भरतो आणि वस्तू परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. तो दुधी चार वेळा विकला गेला. चौथ्यांदा मीच घेतला, चारशे दहा रुपयांना, आणि मोटारसायकलला बांधून थेट सरांच्या घरी नेला.

सरांनी दुधी हातात घेऊन नखाने टोचून पाहिला. मग विचारलं, ‘याला कन्नडमध्ये काय म्हणतात?’

मी म्हणालो, ‘कुंबळकाई.’

‘तो लाल भोपळा. ही सोरेकाई,’ सर म्हणाले. ‘अजून नापासच.’