आमची वाटचाल : कुंडईतला जेलचा कारखाना

शल्यविद्येच्या विद्यार्थ्यांना टाके घालण्याचा सराव करण्यासाठी लागणारे हायड्रोजेलचे, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचे, पॅड आम्ही गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत बनवतो. प्रारंभी आमच्याजवळ एक डीप फ्रीझर, पोलादी ट्रे, ढवळणीचे एक भांडे आणि मासळीबाजारात असतो तसा आकड्याचा स्प्रिंगकाटा एवढेच साहित्य होते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाची, पूड थंड पाण्यात थोडी थोडी भुरभुरावी आणि मगच तापमान ९० अंशांच्या आसपास न्यावे; घाईने ती गरम पाण्यात ओतली, तर बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. या धंद्यात उतरणाऱ्याने हे लिहून ठेवावे. ते द्रावण उणे २० अंशांना गोठवून सावकाश वितळवले आणि असे पुन्हा पुन्हा केले, की पॉलिमरच्या साखळ्यांचे सूक्ष्म स्फटिक बनतात व तेच गाठींचे काम करतात. साखळ्या जोडणारे निराळे रसायन लागत नाही.

पट्टी शिकंज्यात धरून काट्याने ओढण्याचे काम माझे भागीदार करीत. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू. काटा किती वजन दाखवतो आणि तुटण्यापूर्वी पट्टी कितीपट लांबते, हे दोन्ही आकडे ते वहीत शेजारी शेजारी लिहीत. त्या सवयीचे मोल मला फार उशिरा कळले.

एका पावसाळ्यात, चवथीच्या आधीच्या आठवड्यात, वीज तीन दिवस येत-जात राहिली आणि फ्रीझरमधला माल पुरता गोठलाच नाही. पॅड दिसायला निर्दोष होते, पण गाठ आवळताच दोरा खरवसातून जावा तसा आरपार निघाला. दोन महाविद्यालयांनी सगळा माल परत पाठवला. जनित्र घ्यायचे की दुसरा फ्रीझर, या वादात मी फ्रीझरच्या बाजूने होतो. चूक माझीच होती. दादांवर घराचे कर्ज होते, ते भागीदारीतून बाहेर पडले.

नेमक्या त्या वेळी परराज्यातला एक उत्पादक येथे उतरला. ‘गोव्याचे जेल घाम गाळते’ असे तो सांगत फिरे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेल काळानुसार थोडे पाणी सोडते हे खरेच आहे, पण त्याच्या बोलण्यात ते रोगाचे लक्षण होऊन बसले. त्याचा पॅड अंगठ्याने दाबला की टणक लागे, आणि खरेदी करणारे अंगठ्यानेच पारख करीत. आमचे एक जुने गिऱ्हाईक, शल्यविद्येचे प्राध्यापक, मात्र बधले नाहीत. त्यांनी दोन्ही पॅडांत एकेक टाका घातला आणि दोरा ओढला. टणक पॅड सुईच्या भोकापासून कडेपर्यंत उभा चिरला; आमचा, म्हणजे वीज नीट असतानाच्या खेपेतला, ताणला गेला पण फाटला नाही. एकाच जाळ्याच्या जेलमध्ये रासायनिक जोड वाढवले, की दोन जोडांमधले साखळ्यांचे तुकडे आखूड होतात, कडकपणा वाढतो आणि चिरेच्या टोकाशी बळ पचवायला काही उरत नाही, हे आम्ही वर्षभर ओरडून सांगत होतो.

होक्काइडो विद्यापीठातील जियान पिंग गाँग यांच्या गटाने २००३ मध्ये दुहेरी जाळ्याचे जेल जाहीर केले, ज्यात पहिले, ठिसूळ जाळे आधी तुटून ओढ शोषून घेते. हार्वर्डमधील झिगांग सुओ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून मिळणारे पॉलिमर) व पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड यांचे जेल मूळ लांबीच्या वीस पटींहून अधिक ताणून दाखवले. त्याची माहिती प्राध्यापकांच्याच एका विद्यार्थ्याने मला दिली. अ‍ॅक्रिलअमाइडचा मोनोमर, म्हणजे साखळीत जोडला जाण्यापूर्वीचा सुटा रेणू, मज्जासंस्थेला घातक असल्याने मी तो कारखान्यात आणला नाही. आमच्या द्रावणात अल्जिनेट मिसळून, गोठवणे-वितळवणे झाल्यावर पॅड कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवू लागलो. कॅल्शियमचे बंध ओढ बसताच सुटतात आणि विसावा मिळाला की काही अंशी पुन्हा जुळतात. म्हणूनच दुसऱ्यांदा लगेच ओढल्यास पॅड नरम लागतो. ही तक्रार आजही येते आणि ती तक्रार नव्हे, हे मी आजही समजावतो.

नंतरची वर्षे सुरळीत गेली. निविदांमध्ये मात्र अजून केवळ कडकपणाचाच आकडा मागतात. आम्ही प्रत्येक निविदेसोबत मुद्दाम चीर पाडलेली एक पट्टी ओल्या कापडात गुंडाळून, ‘ओढून पाहावे’ अशी चिठ्ठी लावून पाठवतो. तिची पोच आजवर एकदाही आलेली नाही.