पणजीत पुस्तक घेऊन कुठे बसावं

पणजीत वाचत बसायला जागा हवी असेल तर सुरुवात कॅफेपासून करू नका, पाट्टो भागातल्या सेंट्रल लायब्ररीपासून करा. कदंब बसस्टँडवरून रमतगमत चालत जाता येतं, रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या नादी लागायचं कारण नाही. ही 1832 सालची संस्था, देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून तिचं नाव घेतात. सोळाव्या शतकात कृष्णकथा लिहिणाऱ्या केळोशीच्या कृष्णदास शामांचं नाव तिला दिलंय. इमारत मात्र नवी, भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी निवृत्त मंडळी आधीच बसलेली असतात. 'नवप्रभा' हातात आला की पुरवणी शेजाऱ्याकडे सरकवायची, असा तिथला अलिखित रिवाज दिसला. मराठी, कोंकणी, पोर्तुगीज अशी सगळी कपाटं आहेत. पुस्तक घरी न्यायला सभासद व्हावं लागतं, पण बसून वाचायला कुणी हटकलं नाही. बॅग बाहेर ठेवावी लागेल या हिशेबाने वही-पेन हातातच ठेवा.

ही लायब्ररी पूर्वी आझाद मैदानासमोरच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. तिथल्या प्रवेशदालनात पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग निळ्या टाइल्सवर रंगवलेत. वाटेत पाच मिनिटं थांबा, तेवढं पुरे.

दुपारी एक वाजला की पणजीतली बरीच दुकानं साडेतीन-चारपर्यंत शटर ओढतात. पुस्तकांची दुकानंही. त्यामुळे खरेदी सकाळीच उरका आणि दुपार बसण्यासाठी ठेवा. आधी पोटोबा: कॅफे भोसलेसारख्या जुन्या हॉटेलात भाजी-पाव खा (गोव्यात नाव या क्रमानेच घेतात). पातळ भाजी, सुकी भाजी की मिक्स, ते आधी ठरवून ठेवा. वेटर थांबत नाही. सोबत केळं घातलेला गोडसर बन आणि चहा. इथे पुस्तक उघडायचा विचारसुद्धा करू नका. समोर उभा असलेला माणूस तुमच्या उठण्याचीच वाट बघत असतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

वाचायला आल्तिनो टेकडीवर चढा. मळा या भागातल्या मारुती मंदिराच्या बाजूने गेलं तर दम लागतो, पण सावली आहे. वर सुनापरान्त कला केंद्राच्या जुन्या घरात, चौकात कॅफे बोडेगा आहे. केक चांगले, भाव पणजीच्या मानाने चढे. कोपऱ्यातल्या टेबलावर मी आणि मैत्रीण एका कॉफीवर बराच वेळ बसलो, कुणी बिल आणून ठेवलं नाही. माझ्या लेखी कॅफेची खरी परीक्षा हीच. खाली फोंतेन्हास या जुन्या वस्तीत एका ठिकाणी शेल्फभर जाड पुस्तकं पाहून आत शिरलो, तर ती फोटोसाठी रचलेली, जिल्दींना जिल्दी चिकटलेल्या! कॉफी पिऊन निघालो.

पुस्तकं आणि कॉफी एकाच छपराखाली हवी असतील तर नदी ओलांडून कळंगुटच्या गौरावाड्यातलं लिटराटी गाठा. जुनं घर, खोल्याखोल्यांतून पुस्तकं, बाहेर बाग. नव्याबरोबर वापरलेलीही पुस्तकं मिळतात. पर्यटक सोडून गेलेल्या कादंबऱ्यांत कधी कुणाचं बोर्डिंग पास खूण म्हणून घातलेलं सापडतं. माल बहुतेक इंग्रजी. मराठीची आशा धरून जाऊ नका. पणजीहून कांदोळीमार्गे कळंगुटला जाणारी बस पकडा आणि कंडक्टरला आधीच 'गौरावाडो' सांगून ठेवा, नाहीतर थेट कळंगुटच्या गर्दीत उतराल. सुट्टे पैसे जवळ असू द्या. निघण्याआधी फोन करून उघडं आहे ना, ते विचारा, विशेषतः रविवारी आणि पावसाळ्यात.

पावसाळाच मला जास्त आवडतो: खोल्या स्वस्त, कॅफे रिकामे. फक्त दमट हवेत पानं फुगतात, म्हणून प्रत्येक पुस्तक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि हॉटेलवर आल्यावर पंख्याखाली उघडून ठेवा. वापरलेलं पुस्तक घेताना मधली पानं चाळून वास घ्या. बुरशी लागलेलं असेल तर किती का स्वस्त असेना, परत ठेवा, बॅगेतल्या बाकीच्यांनाही लागते. परतीची बस रात्रीची असेल तर सामान स्टँडवरच्या क्लोकरूमच्या भरवशावर सोडू नका, राहिलात त्या हॉटेलवाल्यालाच संध्याकाळपर्यंत ठेवायला सांगा.