मनगट उचलतं का, ते आधी बघा

मानेच्या मणक्याला मार लागून हाताचं बळ गेलं की घरचे लगेच मोटरवर चालणारा हातमोजा शोधायला लागतात. त्याआधी पेशंटचा हात टेबलावर ठेवा आणि मनगट स्वतःहून वर उचलता येतं का ते पाहा. सी-६ पातळीच्या, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीच्या इजेत बहुतेक वेळा ते येतं. बोटं मात्र हलत नाहीत. मनगट वर गेलं की बोटांचे स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ताणले जातात, बोटं आपोआप मिटतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट खाली सोडलं की बोटं उघडतात. हीच टेनोडेसिस पकड. कागद, पेन, भाकरीचा तुकडा अशा हलक्या वस्तू तिच्यानं उचलता येतात.

ही पकड बिघडते ती बहुतेक घरच्या मालिशीत. हात आखडू नये म्हणून मनगट आणि बोटं एकाच वेळी सरळ ताणली जातात, स्नायूबंध लांबतात आणि पकड सैल पडते. ती परत आणणं फार अवघड. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, मनगट वर न्यायचं तर बोटं मिटवून. व्हीलचेअरवरून खाटेवर सरकतानाही तळवा पसरून भार देऊ नका, बोटं मिटलेलीच ठेवा. मालिश करणाऱ्या प्रत्येकाला हे करून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

जेवणासाठी चमचा धरून ठेवणारा तळव्याचा पट्टा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बॅगा शिवणारा कारागीर तो करून देईल. अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजा, वेल्क्रोसाठी ५ सेंमी जास्त धरा. पट्टा ४ सेंमी रुंद, आतून मऊ कापड. तळव्याच्या बाजूला आडवा खिसा, करंगळीकडं बंद आणि अंगठ्याकडं उघडा. खिसा चमच्याच्या दांड्याला घट्ट बसेल इतकाच ठेवा, नाहीतर आमटी तोंडापाशी येईपर्यंत चमचा फिरतो. दांडा चपटा घ्या, खिशाच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवा आणि चमच्याचं तोंड पेशंटकडं वळवा. वेल्क्रोच्या टोकाला कापडी कडी हवी. त्यात दुसऱ्या हाताचा अंगठा घालून किंवा दातानं ओढून पट्टा स्वतःला लावता येतो. ही कडी बहुतेक जण गाळतात, आणि मग जेवणासाठी पुन्हा दुसऱ्याची वाट बघणं आलं.

स्पर्श कळत नसलेल्या हाताची कातडी पट्टा काढल्यावर रोज बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा सैल करा. गरम पातेलं, चहाचा स्टीलचा ग्लास त्या हाताला लागू देऊ नका. वेल्क्रो चिकटवूनच धुवा, उघडा धुतला तर त्यात धागे अडकून तो धरत नाही.

मनगटच लोंबत असेल तर नुसता पट्टा चालणार नाही. मनगट धरून ठेवणारा स्प्लिंट (कडक आधार) आणि त्यालाच खिसा लागेल, आणि तो ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून मापानं करून घ्यावा. पक्षाघातानं घट्ट मिटलेल्या हातात मोटरचा मोजाही अनेकदा अडतो. मिटायला त्याला जोर लागत नाही. बोटं उघडताना मात्र आखडलेल्या स्नायूंशी झगडावं लागतं. पैसे देण्याआधी तो पेशंटच्याच हातात घालून, रिकामा ग्लास धरून सोडायला लावून पाहा.